पिन उलटा टाकल्याने पोलीस येत नाहीत

ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो संदेश पुन्हा फिरला. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत : एटीएममध्ये चोराने धाक दाखवला तर पिन उलटा टाकावा, म्हणजे पैसे निघतात आणि पोलिसांनाही खबर जाते; व्यवहारापूर्वी ‘कॅन्सल’ दोनदा दाबावे, म्हणजे पिन चोरला जात नाही; लोकलच्या गर्दीत खिशाला दुकानात असते तसे कार्ड-मशीन लावून पैसे काढतात, म्हणून कार्ड फॉइलमध्ये गुंडाळावे; आणि एफआयआर झाल्याशिवाय बँक तक्रार घेत नाही. हा संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, परंतु त्यावर विसंबणाऱ्याचे नुकसान होऊ शकते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

उलट्या पिनची सोय आपल्याकडील एटीएममध्ये नाही. अमेरिकेत या कल्पनेचे पेटंट घेतले गेले होते आणि २००९ च्या क्रेडिट कार्डविषयक कायद्यानुसार तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताच्या सरकारी संस्थेने तिचा अभ्यासही केला. मात्र अशी यंत्रणा कोणत्याही एटीएमवर कधी बसवलीच गेली नव्हती, असे २०१० च्या अहवालात नोंदवलेले आहे. शिवाय १२२१ किंवा ७७७७ हा पिन उलटा केला तरी तोच राहतो. प्रत्यक्षात उलटा आकडा टाकल्यावर पडद्यावर ‘चुकीचा पिन’ एवढेच दिसेल, आणि शेजारी सुरा घेऊन उभा असलेला माणूस अधिकच बिथरेल. अशा वेळी पैसे देऊन जीव वाचवावा आणि बाहेर पडताच ११२ वर फोन करावा.

‘कॅन्सल’विषयी फार लिहिण्याची गरज नाही. चोराने बसवलेला स्किमर, म्हणजे कार्डावरची माहिती चोरणारे यंत्र, आणि छुपा कॅमेरा ही एटीएमपासून वेगळी उपकरणे असतात. मशीनचे बटण दाबल्याने ती बंद पडत नाहीत. पिन टाकताना दुसऱ्या हाताने कीपॅड झाकणे हाच कॅमेऱ्यावरचा खरा उपाय आहे.

फॉइलने रेडिओलहरी अडतात, हे खरे आहे. मात्र कॉन्टॅक्टलेस, म्हणजे नुसते टॅप करून चालणारे, कार्ड मशीनच्या अगदी जवळ, काही सेंटिमीटरवर आणावे लागते, आणि ते मशीन ज्याच्या नावावर असते त्याचे बँक खाते व ओळखपत्रे तपासलेली असतात, त्यामुळे पैसे कुठे गेले याचा माग राहतो. सकाळच्या ठाणे लोकलमध्ये खरी भीती पाकीटच मारले जाण्याची आहे, आणि तिथे फॉइलचा काही उपयोग नाही, कारण १ जानेवारी २०२१ पासून एका व्यवहारात ५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पिनशिवाय टॅप करून देता येते. टॅपची सोय वापरत नसाल तर ती बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करता येते. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहारही तसेच बंद करता येतात आणि मर्यादाही ठरवता येते. ही मुभा देणे रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बँकांना बंधनकारक केले आहे.

चौथा मुद्दा सर्वांत घातक आहे. आमच्या मजल्यावरील मावशींच्या खात्यातून शनिवारी रात्री पैसे गेले, आणि आधी पोलीस ठाण्यात जावे लागेल, मग शाखा उघडल्यावर बोलू, अशा समजुतीने त्या सोमवारपर्यंत थांबल्या. वस्तुतः बँकेला कळवण्यासाठी एफआयआरची वाट पाहावी लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास साधारण बचत खात्यासाठी ती कमाल १०,००० रुपये असते. ग्राहकाने कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात दाखवायची असते, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवरच असतो. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असेच परिपत्रक निघाले, हे ठाणेकरांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे.

ओटीपी किंवा पिन स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि त्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाज न बाळगता आधी कार्ड ब्लॉक करावे, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते, आणि बँकेने दिलेला तक्रार क्रमांक वेळेसह लिहून ठेवावा.