नाव माहीत नसताना पाना कुठे लावायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या गाडीच्या इंजिनची ओळख करून देणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. दोन ओळींत मावणारं उत्तर नव्हतं, म्हणून स्वतंत्र लिहिते आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. पहिले दोन रविवार पाना हातात न घेता नुसतं बॉनेट उघडून बघा, हा माझा सल्ला म्हणजे वेळ वाया घालवणं. पॉइंटची (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्क-टोकांची) फट ०.४ मिलिमीटर ठेवा, असं मी सरसकट लिहिलं ते चूक. हौशी माणसाने हात लावला की मेकॅनिकचं काम दुप्पट होतं. आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन (ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बसवलं की निम्म्या कटकटी संपतात. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘माझी गाडी तापली की बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. कार्ब्युरेटर दोनदा उघडून झाला. नावं पाठ करून हे दुरुस्त होणार आहे का?’

फटीबद्दल तुमचं बरोबर आहे. ०.४ हा बऱ्याच गाड्यांना जवळपास लागू पडणारा आकडा आहे, पण तो प्रत्येक डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग, पॉइंट त्यातच असतात) आकडा नाही, आणि मी तो तसाच लिहायला नको होता. खरा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. चूक किरकोळही नाही. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी आधी पडते. फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडते. पॉइंटची टाच झिजत जाते तशी फट आपोआप कमी होते आणि कोणी हात न लावताही टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडतं. म्हणून आधी फट, मग टायमिंग, हा क्रम कधी उलटा करायचा नाही. लेखातलं वाक्य मी बदललं आहे.

ते बदलताना आणखी एक उणीव सापडली, जी तुम्हीही दाखवली नव्हती. पाणी तपासा असं मी लिहिलं, पण इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे लिहिलं नव्हतं. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, पाणी त्याच क्षणी उकळतं आणि थेट चेहऱ्यावर येतं. तेही आता लेखात आहे.

पण बघण्याच्या मुद्द्यावर मी ठाम आहे. नावं पाठ करा, असं मला म्हणायचंच नव्हतं. एकेक वाट धरून जा, असं म्हणायचं होतं. पेट्रोल टाकीतून निघालं की कुठून कुठे जातं? बॅटरीतली वीज प्लगपर्यंत कशी पोहोचते? पाणी कुठून शिरतं, कुठून परत येतं? तेल वर कसं चढतं आणि खाली कुठे गोळा होतं? या चार वाटा बोटाने गिरवल्या की भागांची नावं त्यांच्या कामासकट लक्षात राहतात, वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

याचा उपयोग काय, ते एका उदाहरणाने सांगते. समजा, डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढली आणि तेलाची पातळी गेल्या वेळेपेक्षा वर दिसली. तेल कमी झालेलं नाही म्हणून माणूस खूश होतो. पण तेल इंजिनमध्ये आपोआप वाढत नाही. पेट्रोलची वाट गिरवली असेल तर आठवतं, की जुन्या गाडीचा यांत्रिक फ्युएल पंप इंजिनच्या कुशीलाच बसवलेला असतो आणि कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवत असते. त्यातला डायफ्रॅम (लवचीक पडदा) फाटला की पेट्रोल थेट खालच्या तेलात उतरतं. अशा वेळी डिपस्टिक नाकाशी धरायची. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करायची नाही, कारण पातळ झालेलं तेल बेअरिंगला वाचवू शकत नाही. पंप दुरुस्त करून तेल आणि फिल्टर बदलल्यावरच इंजिन फिरवायचं. पंप कुठे आहे आणि तो कशाने चालतो हे माहीत नसेल, तर हा सगळा विचार सुचणारच नाही.

टॅपेटचंही (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचंही) तसंच. आवाज येतो म्हणजे फट जास्त आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आवाज बंद झाला म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही. शिसंयुक्त पेट्रोल गृहीत धरून बनवलेल्या अनेक इंजिनांमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक (मिटताना व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा) मऊ असते. जळताना तयार होणारा शिशाचा थर तिला झिजण्यापासून वाचवायचा. आता तसं पेट्रोल मिळत नाही. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जेरिया होता, आणि तिथेही २०२१ मध्ये विक्री थांबली. सतत वेगात चालवलेल्या अशा गाडीची बैठक झिजते, व्हॉल्व्ह आत रुतत जातो आणि टॅपेटची फट हळूहळू नाहीशी होते. इंजिन शांत होतं, आणि नेमकं तेव्हाच व्हॉल्व्ह पूर्ण न मिटल्यामुळे जळायला लागतो. म्हणून दर वेळी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजलेली फट वहीत लिहून ठेवा, असं मी आग्रहाने सांगते. एकाच व्हॉल्व्हची फट पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर ते त्या वहीतच कळतं.

हौशी माणसाने बिघडवलेल्या गाड्या मीही पाहिल्या आहेत. इंचांच्या मापाच्या नटाला मिलिमीटरचा पाना लावून गोल केलेले कोपरे, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये जोर लावून आटे मारलेला प्लग. पण हे नुकसान न बघता हात घातल्यामुळे होतं. मर्यादा मात्र मला मान्य आहेत. ब्रेक, स्टिअरिंग आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरण्याचं काम, हे नवशिक्याने करू नये. जुन्या ब्रेकच्या ड्रममधली धूळ तर हवेने उडवूच नये, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

आता इलेक्ट्रॉनिक इग्निशन. त्याला माझा विरोध नाही. चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी, कॉइल (बॅटरीचे व्होल्ट ठिणगीसाठी वाढवणारा भाग) आणि पॉइंटची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली आणि १९७० च्या दशकापर्यंत बहुतेक गाड्या तिच्यावरच धावल्या. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, म्हणजे पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात. ते झिजणारच. पण नवं मॉड्यूल बसवण्याआधी दोन गोष्टी ओळखाव्या लागतात. गाडीची अर्थ (earth), म्हणजे बॅटरीचं गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं टोक, निगेटिव्ह आहे की पॉझिटिव्ह? जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ सर्रास असे, आणि उलट जोडलेलं मॉड्यूल लगेच जळतं. दुसरं, कॉइलच्या वाटेत बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारी वीज कमी करणारा भाग) आहे का? असेल तर ती कॉइल पूर्ण १२ व्होल्टवर कायम चालण्यासाठी बनवलेली नसते. रेझिस्टरवर चालणारी आणि त्याशिवाय चालणारी, अशा दोन्ही प्रकारच्या कॉइल बाहेरून सारख्याच दिसतात. (किल्ली फिरवलेली असताना इंजिन सुरू होतं आणि किल्ली सोडताच बंद पडतं, असं होत असेल तर पहिला संशय याच रेझिस्टरवर घ्या. स्टार्टर फिरताना वीज त्याला वळसा घालून जाते.) म्हणजे तुम्ही सुचवलेल्या सोप्या मार्गालाही आधी ओळख लागतेच.

आणि तुमची गाडी. तिच्याबद्दल वाचल्यापासून मला चैन नाही, कारण असेच तीन दिवस मी एकदा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) कचरा शोधण्यात घालवले होते. दोष कंडेन्सरमध्ये (पॉइंटला जोडलेल्या छोट्या डबीसारख्या विद्युत भागात) होता. गार असताना तो व्यवस्थित चालायचा, तापला की ठिणगी मरायची. कॉइलही अशीच वागते.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली की ती गार व्हायची वाट बघू नका. पुरावा तेवढ्याच वेळात मिळतो. एक जादा प्लग जवळ ठेवा. आधी आजूबाजूला कुठे पेट्रोल गळत नाही ना, ते पाहा. इंजिनमधला प्लग जागेवरच राहू द्या, फक्त त्याची वायर काढून या जादा प्लगला लावा. प्लगचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला नीट टेकवून ठेवा, हातात धरू नका, आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी नाही, किंवा पिवळट आणि बारीक आहे, तर कंडेन्सर आणि कॉइल हे संशयित. आधी कंडेन्सर बदला.

ठिणगी निळी आणि जोरदार असेल तर टाकीकडे जा आणि झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा सूं आवाज आला आणि नंतर गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. पेट्रोल कमी होतं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढता येत नाही. अर्ध्या तासात थोडी हवा झिरपते, म्हणून गाडी पुन्हा चालते. आवाज आला नाही तर फ्युएल पंपावर आणि एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीवर ओलं फडकं ठेवा, डिस्ट्रिब्युटरवर पाणी जाऊ न देता. पाच मिनिटांत इंजिन सुरू झालं, तर नळीत पेट्रोलची वाफ होते आहे. नळी उष्णतेपासून लांब घ्यावी लागेल.

यातला एकही दोष कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा उघडून सापडणार नाही. ठिणगी होती की नव्हती, तेवढं मला कळवा. पुढचं आपण तिथून बघू.