खुलासा : पहाटे 3 च्या प्रार्थनेबद्दल

सांगली-मिरजेतल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : पहाटे 3 वाजता, गुडघे टेकून, तासभर केलेलीच प्रार्थना देव ऐकतो. पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) असं कुठेही नाही. पर्शियाच्या राजाचा सेवक नहेम्या याने राजासमोरच, त्याला उत्तर देण्याआधी प्रार्थना केली (नहेम्या 2:4). मूल व्हावं म्हणून प्रार्थना करणाऱ्या हन्नाचे नुसते ओठ हलत होते; एली याजकाला ती प्यालेली वाटली, देवाने मात्र ऐकलं. पाण्यात बुडणाऱ्या पेत्राला, येशूच्या शिष्याला, तर ‘प्रभू, वाचव’ याहून लांबण लावायला वेळच नव्हता. फार बोलल्याने ऐकलं जातं असं समजू नका, हे येशूनेच सांगितलंय (मत्तय 6:7). गुडघे टेकणं चांगलंच. पण गुडघेदुखीने बेजार आजीने भाकरी थापता थापता नातवाचं नाव घेऊन ‘प्रभू, सांभाळ’ म्हटलं, तरी ती पुरी प्रार्थना आहे. मेसेज पुढे पाठवू नका. अशा आज्यांना तो उगाच घाबरवतो.