सर्दीची गोळी आणि खाडा

दसरा झाला की माझ्या मेडिकलवर वेगळी गर्दी सुरू होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, ताडपत्र्या, पोती, शेरडं आणि लेकरं भरून माणसं ऊसतोडीला साखर कारखान्यावर निघालेली असतात, आणि निघायच्या आदल्या दिवशी टोळीतलं कुणीतरी येऊन सहा महिन्यांची औषधं मागतं. परवा एक बाई आल्या. पदराच्या गाठीत पैसे, यादी तोंडपाठ. तापाच्या गोळ्या, कंबरदुखीच्या, जुलाबाच्या, हातापायाला चोळायचं मलम. शेवटी म्हणाल्या, "आन् सर्दीच्या ईस पट्ट्या द्या, ताई. मागल्या साली पंधरा नेल्या, पुरल्या न्हाईत."

वीस पट्ट्या म्हणजे दोनशे गोळ्या. दहा कोयत्यांच्या टोळीसाठी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वीस माणसं, वर त्यांची लेकरं, आणि ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल उघड्यावरचा मुक्काम. वाट्याला काय येतं ते करा हिशेब.

हे आज लिहायचं कारण असं की गेल्या आठवड्यात आम्हा औषधवाल्यांच्या बैठकीत एका तरुण दुकानदाराने एक सूचना मांडली. सर्दी-खोकल्याची कुठलीच गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, आधार बघायचं, नाव लिहायचं, एका माणसाला एकच पट्टी. अमेरिकेत असंच करतात, कारण सर्दीच्या गोळ्यांतून नशेचं औषध बनतं, असं तो म्हणाला. मुलगा मनापासून बोलत होता. आपल्या भागात पोरं नशेला लागताहेत याचं त्याला वाईट वाटतं, मलाही वाटतं. बैठकीत मी गप्प बसले, कारण दोन वाक्यांत सांगता येईना. धारूरला बावीस वर्षं मी हे काउंटर सांभाळते आहे. माझं म्हणणं असं आहे की ही सूचना चुकीच्या माणसाला धरते आणि खरा माल जातो ते दार सताड उघडं ठेवते.

तो मुलगा सांगत होता त्यात खोटं काही नाही. चोंदलेलं नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन नावाचं औषध आहे. चांगलं काम करतं. पण त्यापासून मेथॲम्फेटामिन ही भयंकर नशा बनवता येते. अमेरिकेत नव्वदच्या दशकात लोक दुकानादुकानांतून पाकिटं गोळा करून घराच्या मोरीत, गॅरेजमध्ये हा उद्योग करू लागले. स्फोट झाले, घरं जळली, पोरं भाजली. म्हणून २००६ पासून तिथे देशभर नियम आला: हे औषध काउंटरच्या मागे ठेवायचं, ओळखपत्र बघायचं, वहीत सही घ्यायची, एका दिवसात ३.६ ग्रॅमपेक्षा जास्त विकायचं नाही. ओरेगॉन राज्याने तर त्याच वर्षी डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली.

घरगुती भट्ट्या कमी झाल्या, हे मान्य करायलाच हवं. पण नशा कमी झाली का? नाही. धंदा मेक्सिकोतल्या मोठ्या टोळ्यांकडे गेला. त्यांनी सर्दीच्या गोळीचा नाद सोडला, दुसरी रसायनं पिंपांनी आणली आणि पूर्वीपेक्षा जास्त, पूर्वीपेक्षा स्वस्त माल बाजारात ओतला. ओरेगॉनने चिठ्ठीची सक्ती २०२२ पासून उठवली. न्यूझीलंडने २०११ मध्ये अशीच सक्ती केली होती, तीही २०२४ मध्ये मागे घेतली. म्हणजे आपण ज्यांचं बघून शिकायचं म्हणतो, त्यांच्यातल्या काहींनी ती वाट चालून पाहिली आणि माघारी फिरले.

या सगळ्यात एक गोष्ट घडली, ती औषधवाली म्हणून मला फार लागते. स्यूडोएफेड्रिनवर बंधनं आली तसं कंपन्यांनी गोळ्यांत त्याच्या जागी फेनिलएफ्रिन घातलं. आज आपल्याकडच्या सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमागे बारीक अक्षरांत तेच नाव आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीतल्या सोळाच्या सोळा जणांनी मत दिलं की पोटात घेतलेलं फेनिलएफ्रिन नाक मोकळं करत नाही. पुढच्या वर्षी ते यादीतून काढायचा प्रस्तावही आला. नशेखोरांना रोखायच्या नादात साध्या आजारी माणसाच्या हातातलं चालणारं औषध गेलं आणि त्याला न चालणारं मिळालं. गोळीत पॅरासिटामॉल असतं, सर्दीचं क्लोरफेनिरामिन असतं, त्याने ताप उतरतो, नाक गळायचं थांबतं, झोप येते. पण ज्या घटकाचे पैसे त्या बाईच्या पदराच्या गाठीतून सुटतात, तो तिच्या उपयोगाचा नाही. हे मला कळलं त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला साधी स्वस्त गोळी आणि गरम पाण्याची वाफ सुचवते. पण ऊसतोडीच्या फडात वाफ घ्यायला कुणाला वेळ आहे?

आता आपल्याकडचं बघू. सोलापूर आपल्या उशाला आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीतून इफेड्रिन जप्त केलं. इफेड्रिन म्हणजे स्यूडोएफेड्रिनचं सख्खं भावंड. किती? अठरा टनांहून जास्त. पट्ट्या फोडून, गोळ्या कुटून एवढा माल जमवायचा म्हटलं तर महाराष्ट्रातली सगळी मेडिकलं रिकामी करावी लागतील. तो माल कुठल्याही काउंटरवरून आलेला नव्हता. कारखान्यात होता, टनावारी होता. आणि कायदा नव्हता असंही नाही. इफेड्रिन, स्यूडोएफेड्रिन आपल्या देशात १९९९ पासून नियंत्रित पदार्थ आहेत. बनवणाऱ्याने, साठवणाऱ्याने, विकणाऱ्याने हिशेब ठेवायचाच असतो.

त्यानंतर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये छत्रपती संभाजीनगर आणि पैठणच्या औद्योगिक वसाहतीत धाड पडली. कोकेन, मेफेड्रोन, केटामाइन निघालं. २०२५ च्या एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातल्या रोहिण्याला शेतातल्या शेडमध्ये मेफेड्रोनचा कारखाना सापडला, अकरा किलोंहून जास्त माल. त्याच वर्षी तुळजापूरच्या एमडी प्रकरणाने सगळ्या मराठवाड्याची मान खाली गेली. हे एमडी, म्हणजे मेफेड्रोन, सर्दीच्या गोळीपासून बनतच नाही. ते बनतं उद्योगातल्या रसायनांपासून, आणि ती पिंपं टेम्पोतून येतात, बिलावर येतात, कुणाच्या तरी सहीने येतात. मी माझ्या काउंटरवर हजार वह्या भरल्या तरी त्या शेडमधला एक ग्रॅम कमी होणार नाही.

मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याचंही तेच झालं. २०२५ मध्ये खोकल्याचं औषध पिऊन वीसहून जास्त लेकरं गेली. कित्येकांना उपचाराला नागपूरला आणलं होतं, मूत्रपिंडं निकामी झालेली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं, कारखान्यातच मिसळलेलं. तेव्हापासून सगळे म्हणताहेत की मेडिकलवाल्यांना आवळा, चिठ्ठीशिवाय काही विकू देऊ नका. लहान लेकरांना खोकल्याचं औषध आपल्या मनाने देऊ नये हे मीही रोज सांगते. चार वर्षांखालच्या मुलाला फेनिलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिनचं मिश्रण देऊ नये असं सरकारनेही २०२३ मध्ये सांगितलं आहे. पण यातल्या कित्येक लेकरांना औषध डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं. चिठ्ठीने विष गाळलं जात नाही.

मग आमच्या काउंटरवर दोष नाहीच का? आहे, आणि तो मी लपवणार नाही. खोकल्याचं कोडीन असलेलं औषध आणि झोपेच्या गोळ्या, ज्यांना संभाजीनगरकडे पोरं 'बटन' म्हणतात, यांची नशा आमच्याच धंद्यातून गावोगाव पोचली आहे. या औषधांना २०१४ पासून एच-वन वही लागते: डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवायची. इथे मला कडकपणा हवा आहे. पण ज्या दुकानात फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर लटकतं आणि तो माणूस दुसऱ्याच गावी राहतो, सर्टिफिकेटचं महिन्याला भाडं घेतो, त्या दुकानातली वही कोण भरणार? आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे आणि बैठकीत कुणी तोंड उघडत नाही. त्या दिवशी मीही उघडलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला एक पोरगा रात्री दुकान बंद करायच्या वेळेला यायला लागला. खोकला नाही, ताप नाही, पण त्याच एका सिरपचं नाव. मी दिलं नाही. चार दिवसांनी त्याची आई पिशवी घेऊन आली. कडब्याच्या गंजीत सापडलेल्या अकरा बाटल्या होत्या तिच्यात. "वैनी, ह्ये कसलं औषध हाय? मपलं पोरगं जेवत न्हाई, दिसभर झोपतंय." मी बाटल्या काउंटरवर मांडल्या आणि पाहिल्या. अकराही एकाच बॅचच्या. एकाच खोक्यातून निघालेल्या. म्हणजे कुणीतरी खोकंच्या खोकं विकलं होतं. बॅच नंबर हातात असल्यावर कंपनीने तो माल कुठल्या डेपोला दिला, डेपोने कुठल्या होलसेलरला, होलसेलरने कुठल्या दुकानाला, हे कागदावरून दोन दिवसांत निघायला हवं. मी नंबर लिहून घेतला आणि जिथे कळवायला हवं तिथे कळवला. मला विचारलं गेलं, कुठल्या दुकानातून घेतलं ते लेखी द्या, पुरावा द्या. अहो, ते शोधायलाच तर नंबर दिला होता! पुढे काही झालं नाही. तो पोरगा आता पुण्याला मामाकडे आहे, बरा आहे असं त्याची आई सांगते.

मला हवी आहे ती सक्ती या नंबराच्या वाटेवर हवी. कच्चा माल बनवणाऱ्यापासून माझ्या दुकानापर्यंत प्रत्येक खोक्याचा माग लागला पाहिजे, आणि एखाद्या लहान गावातल्या होलसेलरने महिन्याला हजारो बाटल्या कोडीनचं औषध उचललं तर त्याच दिवशी कुणीतरी त्याला विचारलं पाहिजे की बाबा, तुझ्या गावात एवढा खोकला आहे का? आम्हाला बिनबिलाचा माल स्वस्तात देऊ करणारे फिरतात. मलाही दोनदा विचारलं आहे. त्यांना माझ्या गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची भीती नाही, त्यांना भीती आहे ती बिलाची.

आणि त्या वीस पट्ट्यांवाल्या बाईंना एकच पट्टी द्यायची म्हटलं तर काय होईल? पौष महिन्यात पहाटे चारला उसाच्या पाचटावर इतकं दव असतं की लुगडं ओलंचिंब होतं. रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावं लागतं. फड कुठे, दवाखाना कुठे. आणि आजारी पडून बसलं तर खाडा. एक खाडा म्हणजे पाचशे रुपये नाहीतर त्याहून जास्त, उचलीतून, म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेल्या पैशातून कापलेले, आणि जोडीतलं एक माणूस बसलं की दुसऱ्याचंही काम अडतं. आमच्या बीड जिल्ह्यात खाडा पडू नये म्हणून बायकांनी गर्भाशयं काढून घेतली, ही गोष्ट २०१९ मध्ये देशाने वाचली. त्या बायकांना तुम्ही सांगणार की सर्दीच्या दुसऱ्या पट्टीसाठी डॉक्टरची चिठ्ठी आणा?

त्यांना द्यायचं ते समजावून द्यायला हवं, एवढंच मी म्हणते. परवाही मी तेच केलं. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल आहे, तिच्याबरोबर तापाची वेगळी गोळी घ्यायची नाही. ही गोळी झोप आणते, कोयता हातात असताना नको, रात्री जेवून घ्या. बीपीवाल्याला देऊ नका. लहान लेकरांना तर नकोच. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून पट्ट्यांच्या गठ्ठ्याला काळा रबर लावला आणि तापाच्या गठ्ठ्याला लाल. बाईंनी दोनदा म्हणून दाखवलं. दहा मिनिटं गेली असतील, मागे गिऱ्हाइकं कुरकुरत होती.

त्या बोलण्यातूनच निघालं की यातल्या निम्म्या पट्ट्या त्यांच्या पोरीसाठी होत्या. चौदा वर्षांची, मागच्या हंगामापासून खोकते, वजन उतरलंय, संध्याकाळी अंग तापतं. दोन आठवड्यांवर खोकला गेला की क्षय आहे का ते बघायला थुंकी तपासायची असते, सरकारी दवाखान्यात फुकट, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ट्रॅक्टर पहाटे चारला निघणार होता. मी दुकानातला फोन त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी मुकादमाला लावला आणि म्हणाल्या, "पोरीला दवाखान्यात दावल्याबिगर म्या येत न्हाई. खाडा लावायचा तर लाव."