मखरवाले सर

काल गॅसवाल्या पोराचा फोन. "मखरवाले सर का? गेट उघडा." नाव नाही, आडनाव नाही, प्लॉट नंबर नाही. कॉलेजात वीस वर्षं घसा कोरडा केला, आणि लातुरात ओळख उरली ती ही.

गुन्हा एवढाच की घराच्या भिंती थर्माकोलच्या पोकळ ठोकळ्यांच्या बांधल्या. ठोकळे एकावर एक रचायचे, आत सळई, मग काँक्रीट. मध्ये सहा इंच काँक्रीट, दोन्ही अंगांना अडीच-अडीच इंच थर्माकोल. हे सेंट्रिंग काढायचं नसतं. उन्हाळ्यात तीच भिंतीची गोधडी. पण ठोकळ्यांचा टेम्पो पुण्याहून आला तेव्हा नेमके गुरुजी शतपावलीला निघाले होते.

गुरुजींनी मला तिसरीत शिकवलंय. म्हणजे उलट बोलायची सोय नाही.

"काय करायलास रे हे? गणपती बसवायलास का?"

मी समजावलं. शेजारी मिस्त्री, दोन गवंडी आणि एक म्हैस ऐकत होती. त्यातल्या त्यात म्हशीला पटल्यासारखं वाटलं. गुरुजींनी काठीचं टोक ठोकळ्यात घातलं, फिरवलं, काढलं आणि भोकाला डोळा लावला.

"बंदी हाय न्हं थर्माकोलला?"

"ती ताट-वाट्यांना आणि मखराला, गुरुजी. 2018 पासून."

"मग तेच म्हणायलोय मी." मिस्त्री खो खो हसला. माझ्या पगारावरचा मिस्त्री! त्या दिवसापासून घराचं बारसं झालं.

मग रोज हजेरी. काँक्रीट तीन-चार फुटांचे थर देत, घराभोवती फिरत फिरत ओतायचं असतं. घाई केली तर ठोकळा फुटतो. गुरुजी म्हणाले, "कोपरा एकदाच भरून टाका, कशाला हेलपाटे?" आणि मिस्त्रीनं ऐकलं! माझं नाही, त्यांचं. स्वयंपाकघराचा कोपरा फुटून अर्धा मिक्सर माल ढेकर दिल्यासारखा बाहेर आला. गुरुजींनी धोतर सावरलं. "बघ, म्हणलो नव्हतो? मखरच ते."

दुसऱ्या दिवशी पाण्यावरून. "भिंतीला पाणी कोण मारणार?" म्हटलं, लागत नाही फारसं, थर्माकोल आतली ओल धरून ठेवतो. यावर त्यांनी माझ्याकडे गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं आणलेलं पाणी प्यालेलं हे गाव. इथं पाणी वाचतं म्हटल्यावर तरी माणसानं हरखावं की नाही? छे. आमच्याकडे पाणी न मारलेली भिंत म्हणजे हळद न लागलेला नवरदेव.

खरं सांगू, मला राग गुरुजींचा नाही. आजोबांचं माळवद होतं, दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती. वैशाखात भर दुपारी आत अंगावर घ्यावं लागायचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या बाजूला तसल्याच भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. त्यानंतर आम्ही दगडाला भ्यालो, आणि भ्यायलाच पाहिजे होतं. पण मग काय बांधलं? पातळ विटा, वर उघडा स्लॅब. तो दिवसभर तापतो आणि रात्रभर आपल्या अंगावर परत करतो. एप्रिल-मेमध्ये अख्खी गल्ली गच्चीवर, खाली कुलर, कुलरला पाणी नाही, पाणी असलं तर लाईट नाही. तीस वर्षं हेच चाललंय, त्याला कुणी हसत नाही. सळईची भिंत आणि माळवदाचा गारवा एका जागी आणायला गेलो, तर मी मखरवाला.

स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी गुरुजी शेवटचं बोलले. काठी आभाळाकडे. "आन् वर काय घालायलास?"

स्लॅबवर घालायला काही नव्हतं. पैसे संपले होते. बसक्या घरात ऊन जास्त येतं ते डोक्यावरूनच, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि गुरुजींना नुसतं माहीत होतं. गच्चीला पांढरा चुना दोनदा फासला. भिंती गार आहेत, शपथ. छताबद्दल विचारू नका.

वास्तुशांतीला गुरुजींनी आहेर केला: भिंतीवरचं घड्याळ. मोठं, लंबकवालं. आता थर्माकोलात खिळा लोण्यासारखा जातो आणि तसाच बाहेर येतो. आत प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्यात स्क्रू धरतो. पण मिस्त्रीनं खुणा न ठेवताच प्लास्टर मारलं. सतरा भोकं पाडली, पट्टी सापडली नाही.

गुरुजी रोज सकाळी घड्याळ बघायला येतात. गेट वाजलं की बायको ते सोफ्यावरून उचलून माझ्या हातात देते, आणि मी भिंतीला पाठ लावून ते डोक्याच्या वर धरून उभा राहतो.

"पाच मिनिटं मागं हाय," गुरुजी म्हणतात.