मरण नंबराने येतं

‘फायनल डेस्टिनेशन’ या हॉलिवूडच्या भयपट मालिकेचा सहावा भाग मला प्रचंड आवडला. घ्या, लिहून टाकलं. माझ्या आवडीनिवडीबद्दल ज्यांना आधीच शंका होती, त्यांनी खुशाल अनफ्रेंड करा. (पुढे स्पॉयलर आहेत.)

मालिका काही थोर नाही, हे मीच आधी कबूल करतो. दर वेळी तेच. कुणाला तरी अपघात आधीच दिसतो, काही जण वाचतात आणि मग मरण उधारी वसूल करायला नंबराने दारात येतं. पात्रांची नावं पाठ व्हायच्या आत ती मरतात. नियमांचं तर विचारूच नका. दुसऱ्या भागात म्हणे नवा जीव जन्माला आला की सुटका, पाचव्यात दुसऱ्याला मारून त्याचं उरलेलं आयुष्य घ्यायचं. २००९चा थ्रीडी भाग म्हणजे तर प्रेक्षकांच्या अंगावर वस्तू फेकायचा कार्यक्रम होता.

तरी २०११च्या पाचव्या भागानंतर थेट २०२५च्या मे महिन्यात ‘ब्लडलाइन्स’ हा सहावा भाग लागला आणि मी भाचीला घेऊन लोअर परळ गाठलं.

यातली खरी मजा रक्तात नाहीच. मजा आहे ती ‘आता कशाने?’ या प्रश्नात. घरामागच्या पार्टीचा प्रसंग बघा. बर्फात काचेचा तुकडा पडलाय. ट्रॅम्पोलिनखाली दाताळं, दात वर करून. बाजूला गवत कापायचं यंत्र. दिग्दर्शक एकेक वस्तू दाखवतात आणि पुढे सरकतात. आपण काचेवर डोळा ठेवून बसतो, तर कधी दाताळ्यावर. शेजारचा अनोळखी काका पुटपुटला, “ट्रॅम्पोलिन, ट्रॅम्पोलिन.” निघालं गवताचं यंत्र! काका हरले, अख्खं थिएटर किंचाळलं आणि मग हसलं. एमआरआयच्या खोलीत अंगभर रिंगा घातलेला मुलगा शिरला तेव्हा भाची म्हणाली, “मामा, पॉपकॉर्न धर, मी डोळे मिटतेय.” बोटांच्या फटीतून बघत होती ती.

आणि या मालिकेतला जुना नट टोनी टॉड. पहिल्या भागापासूनचा तो खर्जातला आवाज. आजारी असताना त्याने हे काम केलं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये गेला. निरोपाचं बोलणं दिग्दर्शकांनी त्याच्यावरच सोडलं होतं. एवढ्या चिरफाडीत तिथे मात्र थिएटर गप्प झालं. माझ्याही घशात काहीतरी अडकलं, आणि ते पॉपकॉर्न नव्हतं.

शेवट घाईत उरकलाय, काही ठिकाणी रक्त सरळसरळ कॉम्प्युटरचं वाटतं. चालतंय.

बाहेर पडून करी रोड स्टेशनकडे चालत निघालो तर सगळीकडे सिनेमाच चालू. टॉवरच्या डोक्यावर क्रेन, गंजक्या ब्रॅकेटवर एसीचा डबा, जुन्या चाळीला लावलेली परांची, तिच्या बांबूवरून लोंबणारी वायर. रोज याच्याखालून जातो, कधी मान वर केली नव्हती. भाचीने माझी बाही ओढली, “मामा, त्या बाजूने जाऊ या ना.” गेलो. त्या बाजूला नारळाचं झाड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन. “खिडकीच्या ग्रिलवरच्या माझ्या सगळ्या कुंड्या रात्रीत आत कुणी आणून ठेवल्या रे?”