इतिहास जिवंत करा, असा आदेश आहे

मे महिन्यात, सोलापूरचं ऊन पत्र्यावर पापड भाजत असताना, आम्हा प्राथमिक शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पंख्याखालची खुर्ची मिळाली नाही म्हणून मी थेट साधनव्यक्तींच्या, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांच्या, समोर बसले आणि तिथेच फसले. "मुलांना सनावळ्या घोकायला लावू नका," ते माझ्याकडे बघत म्हणाले, "इतिहास जिवंत करा." शेजारी निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले आमचे एक सर होते. ते पुटपुटले, "आहे तसा पडू द्या त्याला. उठून बसला तर पोषण आहारात त्याचंही ताट वाढवावं लागेल."

मी ऐकलं नाही. माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे. पट अडतीस. महाराष्ट्रात चौथीचा इतिहास म्हणजे शिवचरित्र. विषय असा, की शिकवायला उभं राहिलं तरी अंगावर काटा येतो. आता त्यात जिवंत करायचं काय राहिलंय, असं मला वाटायचं. पण नऊ वर्षांच्या पोराच्या लेखी १६३० साल आणि गेल्या दिवाळीच्या आधीची दिवाळी एकाच कपाटात असतात. 'फार पूर्वी' नावाचं ते कपाट. त्यात डायनासोर आहे, शिवाजी महाराज आहेत, बटणांचा मोबाईल आहे आणि तळाशी कुठेतरी मीपण आहे.

पहिला प्रयोग साधा होता. घरातली सगळ्यात जुनी वस्तू शाळेत आणायची आणि तिच्याबद्दल दोन वाक्यं बोलायची. दुसऱ्या दिवशी माझं टेबल जुन्या बाजारासारखं भरलं. अडकित्ता आला, पितळी डबा आला, हातमागाचा गुळगुळीत झालेला धोटा आला. एकानं प्लॅस्टिकच्या डबीत आजोबांची कवळी आणली. आजोबांना विचारून आणली का, तर "झोपले होते" असं उत्तर मिळालं. ती कवळी अकराच्या आत घरी पोचवायला मला शिपाईमामांना सायकलवर पिटाळावं लागलं, कारण बारा वाजता आजोबा जेवतात.

आणि एक पोरगी हात हलवत आली. मागून दारात नऊवारी नेसलेल्या, नाकात दोन्हीकडे चमकी असलेल्या आजी उभ्या. "आमच्या घरात हीच सगळ्यात जुनी आहे," पोरगी म्हणाली.

आजींना मी खुर्ची दिली. त्यांचं मराठी तेलुगूच्या फोडणीचं. सोलापुरात ते कुणाला वेगळं वाटत नाही. इथे माणूस भाजीवाल्याशी कानडीत, शेजारणीशी तेलुगूत आणि रिक्षावाल्याशी हिंदीत भांडून घरी मराठीत दमतो. आजींनी गिरणीच्या भोंग्यापासून सुरुवात केली. घरात घड्याळ नव्हतं. भोंगा झाला की चूल पेटवायची, दुसरा झाला की नवऱ्याचा डबा भरायचा. मग गिरणी बंद पडली. भोंगा गेला, तरी त्या कितीतरी दिवस त्याच वेळेला दचकून उठायच्या म्हणे. माझा वर्ग, जो माझ्यासमोर चार मिनिटं गप्प बसत नाही, तो चाळीस मिनिटं हलला नाही. मला थोडा राग आला, खोटं कशाला बोलू?

पुढे बिड्यांचा विषय निघाला. हजार बिड्या वळल्या की दिवस संपायचा. पान रात्री भिजवायचं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू घालून वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. आजींच्या रिकाम्या हातांनी हवेत एक बिडी वळली. बोटं इतकी सराईत की मला ती दिसली. अडतीस जणांनाही दिसली, कारण मी खडू आणायला वळले तेवढ्यात वह्यांची मागची पानं टरकन फाटली. मोठे सर राउंडला आले तेव्हा चौथीचा अख्खा वर्ग मान खाली घालून कागदाच्या बिड्या वळत होता आणि आजी बाकांमधून फिरत "घट्ट धर, घट्ट धर" म्हणत होत्या.

"काय चाललंय?" सरांनी विचारलं.

"इतिहास," मी म्हणाले.

सरांनी एकदा नाकानं हवा तपासली आणि निघून गेले.

दुसरा प्रयोग होता भुईकोट किल्ल्याचा. किल्ला शहराच्या मध्यात, शेजारी सिद्धेश्वर तलाव. त्यामुळे सहलीची परवानगी, बस वगैरे भानगड नाही, अडतीस पोरांना दोन रांगांत चालवत नेलं की झालं. (अडतीस पोरांना दोन रांगांत चालवणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत.) वाटेत चार हुतात्मा पुतळा लागतो. पोरांच्या लेखी तो 'चार पुतळा', म्हणजे रिक्षा थांबते ती जागा. मी थांबवलं आणि सांगितलं, की १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी आपल्या गावात मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चार नावं मी सावकाश घेतली आणि मागून एकजण सवयीनं "हजर!" म्हणाला. कुणी हसलं नाही. माझी रोजची हजेरी साधारण अशाच आडनावांची असते.

किल्ल्यात मात्र माझा पार निभाव लागला नाही. दुहेरी तटबंदी दाखवली, खंदक दाखवला. मग मला वाटलं, गोष्ट सांगावी. म्हटलं, हा किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीला पण हवा होता आणि विजापूरच्या आदिलशाहीला पण. पुढे चांदबिबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं, तेव्हा तिच्या माहेरानं हा किल्ला हुंड्यात दिला.

"हुंडा घेणं गुन्हा आहे ना मॅडम?"

"आत्ता आहे. तेव्हा कायदा नव्हता."

"मग किल्ला नेला कसा?"

"नेला नाही. इथेच राहिला."

"मग दिला कसा?"

यावर मी पाच मिनिटं बोलले. ताबा, वसूल, किल्लेदार, काही काही सांगितलं. चेहरे कोरे. शेवटी म्हणाले, "अरे, सातबाऱ्यावर नाव बदललं." तेव्हा मागच्या रांगेतल्या तिघांनी समजूतदारपणे मान हलवली. त्यातल्या एकानं उसासाही टाकला. त्याच्या घरी चुलत्यांशी काही चाललं असावं.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पहिल्या सत्राच्या शेवटी 'आग्र्याहून सुटका' आली आणि मी नाट्यीकरण करायचं ठरवलं.

हा धडा मुळातच पोरांच्या बाजूचा आहे. १६६६ साली महाराज आग्र्याला गेले तेव्हा सोबत संभाजीराजे होते आणि त्यांचं वय होतं नऊ. म्हणजे आमच्या चौथीतले. हे सांगितल्यावर वर्गात खळबळ माजली. "शाळा बुडवून गेले?" "किती दिवस?" "रजेचा अर्ज दिला होता?" ज्याचे वडील रेल्वेत आहेत त्यानं शंका काढली, की सुटल्यावर कर्नाटक एक्सप्रेसनं यायला काय हरकत होती, ती आग्र्याहून थेट सोलापूरला येते. रेल्वे नव्हती म्हटल्यावर त्याचा इतिहासावरचा विश्वासच उडाला.

मी मे महिन्यातला दरबार सांगितला, महाराज कसे कडाडले ते सांगितलं, हवेलीभोवती फौलादखानाचा पहारा बसला तो सांगितला. आजारपणाचं सोंग, साधूंना आणि गोरगरिबांना जाणारे मिठाईचे पेटारे, पलंगावर महाराजांच्या जागी झोपलेला हिरोजी फर्जंद, त्याचे पाय चेपणारा मदारी मेहतर. सगळं रंगवून सांगितलं. १७ ऑगस्ट तारीखही फळ्यावर मोठी लिहिली. मग विचारलं, "काही शंका?"

पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीनं हात वर केला. "मॅडम, पेटाऱ्यात असताना शू लागली तर?"

बखरींत हे नाही. आदेशातही नाही. मी फळा पुसायला लागले.

भूमिका वाटताना महाराज व्हायला सदतीस हात वर आले. चिठ्ठ्या टाकून ते मिटवलं. खरी अडचण औरंगजेबाची. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली त्यानं मुसमुसायला सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई फाटकाशी हजर. "मॅडम, आमचा पोरगा कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यालाच का औरंगजेब केलं?" मी म्हटलं, बरं, मीच होते औरंगजेब. वर्गात सांगितलं तर एकानंही हरकत घेतली नाही. उलट सगळ्यांना ते फारच पटलं, हे मला अजून खुपतं.

आणि तो एकच हात वर न करणारा पोरगा? तो म्हणाला, "मला हिरोजी द्या. त्याला बोलायचं नाही ना?" त्याच्या घरात खाली यंत्रमाग आहेत, रात्रपाळीला खटाखटा चालू असतात, त्यामुळे हे लेकरू शाळेत येतं तेच डोळे चोळत. दिला त्याला हिरोजी.

प्रयोगाच्या दिवशी दोन बाकं जोडून पलंग केला. वर चादर अर्थातच सोलापुरी, मोरांची नक्षी असलेली, माझ्या घरची. पेटारा मिळेना, तेव्हा त्या आजींनी भाजीची मोठी वेताची पाटी दिली, वर झाकायला सूप दिलं आणि मिठाई म्हणून डबाभर शेंगांचे लाडू. शिवाय प्रयोग बघायला स्वतः येऊन बसल्या. चष्मेवालीनं संधी साधून त्यांना तोच प्रश्न विचारला. आजींनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "निघायच्या आधी जाऊन आले असतील की. आम्ही तिरुपतीला जाताना तसंच करतो." शंका फिटली. मी बी.ए. इतिहास आहे.

मी ओढणीची पगडी बांधली आणि नाटक सुरू झालं. पहारेकऱ्यांनी पहिल्या पेटाऱ्याचं झाकण उघडलं, नियमाप्रमाणे तपासलं आणि नियमाबाहेर लाडू खायला सुरुवात केली. दुसरा पेटारा आला, तोपर्यंत पहाऱ्याचं कुणाला भानच उरलं नव्हतं. हे मी बसवलेलं नव्हतं, पण इथवर सगळं इतिहासाला धरून चाललं होतं. मग महाराज पाटीत बसले. चार भोयांनी जय भवानी म्हणून पाटी उचलली, पाटी वर गेली, महाराज खालीच. बूड निघालं होतं! एका क्षणात महाराज सावरले, बुडाशिवायची पाटी त्यांनी आतून धरली आणि पेटारा स्वतःच्या दोन पायांवर दाराबाहेर पळाला. फौलादखान लाडू चघळत म्हणाला, "काय बे, पेटारा पळालालाय की!"

आणि नेमकं दारात केंद्रप्रमुख साहेब. पेटारा त्यांच्या पोटावर आदळला.

साहेबांनी आत पाहिलं. टेबलावर औरंगजेब, म्हणजे मी. कोपऱ्यात आजी. खाली लाडवांचा भुगा. आणि पलंगावरून घर्रर्र, घर्रर्र असा आवाज. आमचा हिरोजी खराखुरा झोपला होता. मदारी मेहतर पाय चेपायचं सोडून त्याला गदागदा हलवत होता. "झोपलाय की ओ मॅडम ह्ये! खरंच झोपलाय!" पहारेकऱ्यांनी या घोरण्याकडे पहिल्यांदा लक्ष दिलं आणि एकजण ओरडला, "महाराज असे घोरत नाहीत! पकडा!"

सुटका फसली. सोलापुरात, मनपाच्या हद्दीत, दुपारी पावणेतीन वाजता.

साहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "यातून अध्ययन निष्पत्ती कोणती?" मी म्हणाले, लिहून देते. त्यांनी फोटो काढला. तो तालुक्याच्या ग्रुपवर 'कृतियुक्त अध्यापन' या मथळ्याखाली फिरला, पगडीसह. निवृत्तीला आलेल्या सरांनी त्यावर नुसताच अंगठा टाकला.

सत्र परीक्षेत मी मुद्दाम साधा प्रश्न घातला. 'कारण सांगा : पहारेकऱ्यांना बराच वेळ संशय आला नाही.' दोन गुण. उत्तर पुस्तकात तयार आहे, महाराजांच्या जागी हिरोजी झोपले होते म्हणून. पस्तीस जणांनी ते तसंच उतरवलं. एकानं 'लाडू' एवढाच शब्द लिहिला. एकीनं आजींचा दाखला दिला, प्रश्नाशी संबंध नसताना.

अडतिसावा पेपर आमच्या हिरोजीचा. अक्षर तिरकं, ओळ उताराला लागलेली. 'कारण खरे हिरोजी घोरले नाहीत.'

लाल पेन हातात धरून मी थोडा वेळ बसले आणि दोनपैकी दोन दिले. पुढचे तीन प्रश्न कोरे होते आणि पानाच्या मधोमध लाळेचा वाळलेला डाग होता.