फोनला निपाणी परकी

कोल्हापूरकराला कर्नाटक म्हणजे काही परमुलूख नव्हे. निम्म्या घरांत निपाणी-संकेश्वरकडची सून असते आणि उरलेल्या निम्म्यांनी आपली लेक तिकडं दिलेली असते. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माला एसट्याच्या एसट्या भरून जातात. बेळगावचा कुंदा तर पाव्हण्याच्या हातातून आपसूकच घरात येतो. दूधगंगेचा पूल ओलांडताना आपण राज्य बदललं, हे आमच्या गावीही नसतं.

फोनला मात्र ते बरोबर कळतं. कागल मागं पडतं, कोगनोळीचा टोलनाका दिसायला लागतो, आणि रेंजच्या काड्यांच्या शेजारी रोमिंगचा, म्हणजे परक्या मुलखात आल्याचा, एक बारीकसा 'आर' उगवतो. काड्या चारच्या चार ठणठणीत असतात. म्हणजे 'रेंज नाही' म्हणून हळहळायचीही सोय नाही. फक्त नेट गेलेलं असतं.

हे असं का होतं, याच्या मुळाशी मी परवाच्या फजितीनंतर गेलो आणि तिथं जे दिसलं त्यानं थक्क झालो. मोबाइलसाठी देशाचे २२ तुकडे पाडलेत. त्यांना सर्कल म्हणतात. आता गंमत बघा. आमच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आहे आणि मुंबई नाही! मुंबईचं सर्कल वेगळं. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' म्हणत आमच्या वाडवडिलांनी लाठ्या खाल्ल्या, १९६० साली राज्य मिळवलं, आणि पुढं फोनवाल्यांनी बसल्या बसल्या त्याचा 'गोव्यासह, मुंबईविना' असा निकाल लावून टाकला. कुणी साधा मोर्चा काढला नाही. आंबोलीचा घाट उतरून थेट पणजीच्या किनाऱ्यावर लोळा, फोनला वाटतं आपण अंगणातच आहोत. आणि निपाणी, जिथं पानपट्टीवाल्यापासून देवळातल्या गुरवापर्यंत सगळे तुमच्या-माझ्यासारखं मराठी बोलतात, तिथं गेलं की हा अंग चोरून बसतो.

प्रत्येक कंपनीचा प्रत्येक सर्कलला वेगळा आकडा असतो. टॉवर आपला आकडा सतत पुकारत असतो, आणि सिमकार्डाच्या पोटात आपल्या घरचा आकडा लिहिलेला असतो. दोन्ही जुळले नाहीत की फोन म्हणतो, हे घर आपलं नव्हे. कंपनी तीच, जाहिरातीतली बाई तीच, रिचार्जचे पैसे घेणारेही तेच. पण आकडा वेगळा! मग तिथं नेट मिळायला 'डेटा रोमिंग' नावाचं एक बटण चालू असावं लागतं. बऱ्याच फोनांत ते जन्मापासूनच बंद असतं. का, तर तुम्ही दुबईला गेलात आणि नकळत व्हिडिओ बघत बसलात तर बिल येऊन झीट येऊ नये. काळजी चांगली आहे. पण आमच्या आळीतला माणूस दुबईला जाणार कधी, आणि निपाणीला जाणार किती वेळा?

तर ती फजिती. परवा आत्याच्या नातीचा साखरपुडा होता. निपाणीत. पत्रिका व्हॉट्सॲपवर, कार्यालयाचं लोकेशनही व्हॉट्सॲपवर. छापील पत्रिका हल्ली फक्त देवापुढं ठेवायला काढतात. गाडीत मी, बायको, आई, बहीण, दाजी आणि कानात बोंडं घालून मागं पसरलेला भाचा. पूल ओलांडला आणि नकाशावरची बाई 'पाचशे मीटरवर' एवढं म्हणून जी गप्प झाली ती झालीच. निळा ठिपका मात्र पळत होता. तो उपग्रहावर चालतो, त्याला नेट लागत नाही. खालचा नकाशा तेवढा गेला होता. कोऱ्या करकरीत कागदावरून आमची गाडी ताशी ऐंशीनं चालली होती.

तेवढ्यात टिंग झालं. सगळ्यांचे चेहरे उजळले. नेट नव्हतं, फास्टॅगमधनं टोल कापल्याचा मेसेज होता. साध्या मेसेजला इंटरनेट लागत नाही म्हणे. पैसे गेल्याची बातमी कुठल्याही सर्कलमध्ये तुम्हाला शोधत येते.

"बंद करून चालू करा की ओ," दाजी म्हणाले. दाजींचा हा उपाय फोन, पंखा, मिक्सर आणि एकदा देवघरातली समई, सगळ्यांना लावून झालाय. केलं. 'आर' जागच्या जागी.

मग कंपनीला फोन लावला. पलीकडून टेप सुरू झाली, कन्नडमधून. मी एकेक आकडा दाबत राहिलो आणि ती बाई दर खेपेला अधिकच गोड कन्नड बोलत राहिली. आईचं माहेर चिकोडीकडचं. तिनं फोन काढून घेतला.

"हां री... आय्तु री... आय्तु," आई मान डोलवत म्हणाली.

"काय म्हणती?" बहिणीनं विचारलं.

"थांबा म्हणती. सगळी माणसं कामात हायत. बोलाय लई गोड हाय बघ पोरगी."

आईनं तिला 'जेवलीस का' एवढं विचारायचं तेवढं राहिलं.

"अहो, गाडी थांबवा आणि माणसाला विचारा," बायको म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण शहाणपण नेमकं कधी सांगायचं हे तिला बरोबर कळतं. आधी आम्हाला सगळं करून बघू देते.

टपरीवर थांबलो. चहा घेतला. समोर क्यूआर कोडची पाटी, तिच्यापुढं मी फोन धरून उभा, आणि पडद्यावर ते चाक फिरतंय, फिरतंय. टपरीवाला शांतपणे पुढचं आधण ठेवत म्हणाला, "कोल्हापूरचं काय? ऱ्हाऊं द्या, जाताना द्या. हितं सगळ्यांचं असंच हुतंय." शेवटी आईच्या बटव्यातनं चुरगळलेली शंभराची नोट निघाली. रिझर्व्ह बँकेची नोट कुठल्याच सर्कलमध्ये अडत नाही, हे बरं आहे. आणि पत्ता? "तंबाखूच्या वखारीपासनं डाव्या हाताला वळा, मांडव दिसंलच की." खरंच दिसला.

कार्यालयात तात्या भेटले. तात्या म्हणजे आत्याचे दीर. गाव त्यांचं कागल तालुक्यात, अगदी हद्दीवर. मी रडगाणं सुरू केलं तसे ते हसायलाच लागले. त्यांच्या घरात म्हणे सोप्यात बसलं की कर्नाटकचा टॉवर आणि मागच्या परड्यात गेलं की महाराष्ट्राचा. टॉवरला कुठं सीमाप्रश्न कळतोय! ज्याचा आवाज मोठा, त्याच्याकडं फोन जातो. आज त्यानं खिशाला काही फरक पडत नाही. पण रोमिंगमध्ये आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे ते दिवस तात्यांनी काढलेत. २०१३ साली ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्याला मिनिटाला ७५ पैशांची मर्यादा घातली, २०१५ साली ती ४५ पैशांवर आणली. तोवर तात्यांच्या घरी शिस्तच होती. फोन वाजला की उचलायचा नाही, तो तसाच वाजता हातात घेऊन सोपा, माजघर, सैपाकघर ओलांडत परड्यात पळायचं आणि म्हशीच्या शेजारी उभं राहून 'हालो' म्हणायचं.

"सोयरीक जुळवायचं सगळं बोलणं त्या म्हशीम्होरं झालंय," तात्या म्हणाले. "आमच्या थोरल्याला किती तोळं घातलं, ते तिला पयलं कळलं हुतं."

पंगत बसली. कोल्हापूरकडची सगळी एका ओळीत, आणि प्रत्येकाच्या पानाशेजारी मुका फोन. साखरपुड्याचे फोटो ग्रुपवर पडलेत, हे निपाणीकर आम्हाला मुद्दाम मोठ्यानं सांगत होते. तेव्हा कुठं भाच्यानं कानातली बोंडं काढली.

"मामा, तुमचं रोमिंग बंद हाय."

"तुझं?"

"माझं चालूच हाय की. कवाधरनं."

"मग गाडीत बोलला नाहीस ते?"

"तुम्ही कुठं इचारलासा?"

त्यानं माझ्या फोनात कुठंतरी बोट नेलं, एक टिचकी मारली, आणि फोन पानाशेजारी थरथरत निम्मा मसालेभातात गेला. 'निघालात का?', 'कुठवर आलाय?', 'लोकेशन टाकलंय बघा', 'मुहूर्त टळतोय', सगळं एका दमात. शेजारच्या काकांनी ते पाहिलं आणि न बोलता आपला फोन पुढं केला. मग त्यांच्या शेजारच्यांनी. जिलेबीचं ताट पुढं गेलं, त्यामागून मठ्ठ्याची बादली गेली, आणि बादलीमागून उष्ट्या हातानं भाचा पानापानाशी थांबत ओरडत गेला, "डेटा कुणाला? डेटा? बोला पटापट!"

"मला नको बाबा," ओळीच्या टोकाकडून तात्या म्हणाले, "मला मठ्ठा वाढ."